सत्तरीनंतर कोकणातली जमीन: विकायची, द्यायची की ठेवायची?

नमस्कार.

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला कळेल. तुम्ही ७२ वर्षांचे, वहिनी ६७ च्या. गाव राजापूर तालुक्यात. घराला लागून आगर, त्यात नारळ-सुपारी. डोंगरउतारावर हापूसची साठेक कलमं, त्यांच्या वरच्या अंगाला काजू. खाली पऱ्याच्या (ओहोळाच्या) कडेला भाताचा मळा, तो गेली काही वर्षं पड. आणि सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, कातळाचा मोठा तुकडा. सातबाऱ्यावर अजून वडिलांचं नाव, जोडीला चुलत्यांच्या वारसांची नावं. दोन बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी. मुलगा पुण्याला, मुलगी ठाण्याला. मुंबईचा एकजण कातळ मागायला दारात येऊन गेला. मुलगा म्हणतो सगळं विका आणि इकडे या, वहिनी घर सोडायला राजी नाहीत. आणि तुम्ही विचारताय: विकू, मुलांच्या नावावर करू, की आहे तसं राहू दे?

मी राजापूर-देवगड पट्ट्यात जमिनीच्या कामांची वकिली करते. वाटपाचे दावे, प्रांताकडची (उपविभागीय अधिकाऱ्यांकडची) अपिलं, तलाठ्याकडच्या नोंदी, यातच आयुष्य गेलं. माझी स्वतःची थोडी काजूची जमीन आहे आणि साठी मीही ओलांडली आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नामागची धास्ती मला परकी नाही.

माझं मत आधीच सांगते. विकायचं की द्यायचं, हा निर्णय तुम्हाला आत्ता घ्यायचाच नाहीये. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. अंगमेहनत होत नाही, हा एक. कागद वडिलांच्या नावावर अडकलेत, हा दुसरा. आणि तुमच्यामागे मालक कोण, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाला कंटाळून माणसं घाईघाईनं तिसऱ्याचं उत्तर देऊन टाकतात. गुडघे बोलायला लागले की जमीन मुलाच्या नावावर करतात किंवा मिळेल त्या भावात विकतात. गुडघ्याच्या दुखण्यावर मालकी सोडणं हा इलाज नाही. मेहनत आत्ता कमी करा, कागद आत्ता सरळ करा, आणि मालकी मात्र हातात ठेवा.

अर्थात काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या दोघांच्या तब्येती कशा आहेत, रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर गाडी किती वेळात दारात येते, पेन्शन आहे की नाही, चुलत घरांशी बोलणं आहे की अबोला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही जमीन तुमच्या वडिलांकडे कशी आली? आजोबांपासून चालत आलेली, वडिलांनी स्वतः खरेदी केलेली, की कुळकायद्यानं मिळालेली? तिन्हींचे नियम वेगळे. कुळकायद्यातली असेल तर ती विकण्यावर कलम ४३ ची बंधनं असू शकतात, आणि तसा शेरा बहुतेक वेळा सातबाऱ्याच्या इतर हक्कात असतो. तो रकाना आज उघडून बघा. बहुतेक लोक फक्त डाव्या बाजूची नावं वाचतात.

आता मेहनतीबद्दल.

मळा पड राहिला याचं तुम्हाला फार वाईट वाटतंय, ते तुमच्या लिहिण्यात जागोजागी दिसलं. पण कोकणात आज मळे पड टाकणारे तुम्ही एकटे नाही. तरवा (भाताची रोपं) काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी भाताच्या किमतीत बसत नाही, आणि जे पिकतं त्यात रानडुकरांचा वाटा आधी. एखादा हंगाम मळा पड राहिला म्हणून जमीन जात नाही. मात्र तो कुणाला तोंडी ‘कर बाबा’ म्हणून वर्षानुवर्षं देऊ नका. १९४८ च्या कुळकायद्याची आठवण आपल्याकडे घराघरात आहे. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा, जो घरातला नाही आणि मजुरीवरही नाही, तो कुळाचा हक्क सांगू शकतो. शेजारी चांगला असेल, त्याचा नातू कसा निघेल हे कोण सांगणार? द्यायचाच असेल तर एका हंगामापुरतं, लेखी, मसुदा वकिलाला दाखवून. आणि पीक पाहणीत काय नोंद होते ते दरवर्षी बघायचं. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते, हे काम ठाण्याची लेक बसल्या जागी शिकवू शकेल.

कलमांचं वेगळं आहे. साठ कलमांची फवारणी, राखण, काढणी या वयात स्वतः करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. बाग कराराने द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण करार असा करा की पाच वर्षांनी कलमं जिवंत हवीत. कराराने घेणाऱ्याला या हंगामाचं फळ हवं असतं, तुम्हाला झाड हवं असतं. तो लवकर मोहोर यावा म्हणून कल्टार घालतो. मापात घातलं तर ठीक, पण दरवर्षी ढोसून घातलं आणि खताला हात आखडता घेतला तर कलम थकतं, फांद्या वाळायला लागतात. म्हणून लिहूनच घ्यायचं: कल्टार किती आणि कुणाच्या समोर घालायचं, काढणीनंतर खत कोण देणार, सुकी लाकडं आणि बांडगूळ कोण काढणार, पैसे किती हप्त्यांत. शेवटचा हप्ता आंबा खाली उतरायच्या आधी हातात हवा. आणि करारात स्पष्ट शब्द हवेत की विक्री फक्त फळांची आहे, जमिनीचा ताबा मालकाकडेच आहे. मी केलेल्या करारांत हे वाक्य कधी गाळलेलं नाही.

काजूला तेवढी देखभाल लागत नाही. वेंगुर्ला ४ किंवा ७ जात असेल तर झाडं आपली देत राहतात. काम असतं ते मार्च ते मे वाकून बी वेचायचं. ते वाडीतल्या बायकांना वाट्यानं द्या. तुमच्याकडे राहील तो वणव्याचा बंदोबस्त. फेब्रुवारीच्या आत बागेभोवतीचं गवत कापून मोकळा पट्टा ठेवायचा, एवढं काही झालं तरी करून घ्या. एका दुपारच्या आगीत वीस वर्षांची झाडं जातात.

आगर मात्र स्वतःकडे ठेवा. वहिनींचा जीव तिथे आहे, आणि घराजवळचं काम तुम्हालाही झेपेल. नारळ उतरायला पाडेली मिळणं मुश्कील झालंय हे खरं. पण नारळ पडले तर उचलून आणायचे, बाजारभावाचा विचार तिथे करू नये.

मेहनत इतकी खाली आली की मुलाच्या ‘सगळं विका’ या म्हणण्यातला अर्धा जोर जातो. त्याला तुमची काळजी आहे. तुम्ही कलमावर चढता, एकटे बागेत जाता, फोन लागत नाही, हे त्याला पुण्यात बसून झेपत नाही. पुष्कळदा ‘विका’ या शब्दात ‘तुम्ही आता हे करू नका’ एवढंच असतं.

आता कागद. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं इथेच जन्मलेली असतात.

कायद्यानं तुमचा हिस्सा वडील गेले त्या क्षणीच तुमचा झाला. पण सातबाऱ्यावर वडिलांचं नाव असताना रीतसर कागद करायला कुणी शहाणा घेणारा येणार नाही, आणि सरकारकडून काही यायचं असेल तर ते मेलेल्या माणसाच्या नावावर येऊन थांबतं. निसर्ग चक्रीवादळ जून २०२० मध्ये आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे माणसांच्या पोफळी आणि माड आडवे झाले. जिथे सातबाऱ्यावर नावं जुनी होती तिथे भरपाईसाठी एकेका वारसाचं संमतीपत्र गोळा करत फिरावं लागलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणातही सामायिक सातबाऱ्यांचे मोबदले असेच अडकलेले मी जवळून पाहिले.

म्हणून पहिलं काम वारस नोंद. वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं-पत्ते घेऊन तलाठ्यांकडे अर्ज. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आधी गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मग हितसंबंधितांना नोटीस, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. २०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याच कामासाठी, मयतांच्या जागी वारस लावायला. वडिलांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं आहेत का तेही बघा. म्हणजे ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलेत, आणि मग त्यांच्या भावंडांचेही हिस्से त्या एका नावाखाली दडलेले असणार. उलटही असतं: चुलत्याच्या नावापुढे ही अक्षरं असतात आणि त्याखाली तुमचा हिस्सा असतो.

हे करताना बहिणींची नावं लावायची, हे वेगळं सांगायला लागू नये. पण लागतं. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, ‘बहिणींचा काही प्रश्न नाही, त्या सही करतील’. त्या वाक्यापाशी मी थांबले. मृत्युपत्र न करता बाप गेला तर मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस आहे, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मजात हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलीला दिला. आणि त्यासाठी बाप २००५ ला हयात असायला हवा होता का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला: हयात असण्याची गरज नाही. आपल्याकडे बहिणीचं नाव एक तर लावत नाहीत, किंवा इतर हक्कात ढकलतात. आईचंही तेच करतात. तुमच्याकडे आधीच्या कुठल्या नोंदीत असं झालं असेल तर आत्ता दुरुस्त करून घ्या.

बहिणींनी हक्क सोडायचा की नाही, हा त्यांचा प्रश्न. सोडणार असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, साध्या कागदावरची सही उपयोगाची नाही. मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे. पण मी तेराव्याच्या पंगतीनंतर सह्या घ्यायला बसलेली घरं पाहिली आहेत. डोळे अजून ओले, समोर कागद, आणि सगळे भाऊ बघतायत. अशा वेळी माझ्याकडे आलेल्या बहिणीला मी परत पाठवते, महिन्यानं एकटी ये म्हणते, कागद वाचून दाखवते, तिचा वाटा साधारण कुठला आणि केवढा ते नकाशावर दाखवते, आणि मग विचारते. तुमच्या बहिणींनाही तुम्ही हा वेळ द्या. निम्म्या बहिणींना जमीन नकोच असते. त्यांना हवं असतं ते माहेरच्या दारात हक्कानं उभं राहता येणं, मे महिन्यात आंब्याची पेटी, आणि आपल्याला कुणी विचारलं एवढं समाधान. ते न देता सही घेतली तर तिची मुलं दहा वर्षांनी नोटीस पाठवतात.

नावं लागली की वाटप. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं. राजी नसतील तर दिवाणी न्यायालयात दावा, आणि त्यात तुमच्या वयाचा विचार करता मी शेवटपर्यंत पडू नका असंच म्हणेन. चुलत्यांच्या घरी स्वतः जा. वकिलाची नोटीस आधी गेली की माणसं कडक होतात. गणपतीत सगळे मुंबईहून येतात, आरती झाल्यावर अंगणात विषय काढा. कुणाकडे काय वहिवाटीला आहे हे सगळ्यांना माहीत असतंच, ते कागदावर यायला हवं एवढंच.

घराचा कागद वेगळा काढून बघा. ग्रामपंचायतीचा असेसमेंट (घरपट्टीचा) उतारा तुमच्या नावावर असेल, पण घराखालची जमीन कुठल्या हिश्श्यात येते? पुष्कळ घरं शेतीच्या सर्व्हे नंबरात, सामायिक जमिनीवर उभी आहेत. वाटपात घर, विहीर आणि विहिरीकडे जाणारी वाट तुमच्याच हिश्श्यात येईल हे आधी बघायचं, कलमं नंतर. झाडांचंही तसंच. जमीन एकाची आणि त्यातला फणस दुसऱ्याचा, हे आपल्याकडे नवं नाही. असं काही असेल तर ते वाटपपत्रात लिहायचं.

आता असं काही सांगते जे कुठल्याच कार्यालयात मिळत नाही, आणि जे तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नाही. हद्दी.

माझे एक पक्षकार होते, ऐंशीच्या घरातले. मोजणीआधी मी जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि शेजारच्या बागेच्या म्हाताऱ्या मालकालाही. चौघं निघालो. नकाशावर हद्द सरळ रेघ होती. जाग्यावर तसं काहीच नव्हतं. ते काठीनं पातेरा बाजूला करत चालले होते. एका जागी थांबले, खाली बघायला सांगितलं: जांभ्याचे तीन चिरे कडेवर उभे पुरलेले, वर शेवाळ. ‘हे बापानं लावलेत, आडवे लावले असते तर कुणी घराला नेले असते.’ पुढे किंजळीचं तोडलेलं खोड, त्याला फुटलेले धुमारे. तिथून गडगा (दगडी बांध) वळतो तो व्हाळ (ओढा) बदलला म्हणून, हद्द मात्र सरळच जाते. शेजारच्या आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘गडग्याच्या भायली ती चार कलमां तुमचीच, आमी नुसती राखली.’ मुलगा मोबाइलवर हे सगळं घेत होता, प्रत्येक खुणेपाशी ठिकाण नोंदवत होता. संध्याकाळी मी दोन पानी टिपण केलं, दोघांच्या सह्या घेतल्या. आता ते दोघेही हयात नाहीत. शेजारच्या आजोबांच्या नातवांनी कुंपण घालायला काढलं तेव्हा आमच्या पक्षकाराच्या मुलानं चित्रीकरण नेऊन दाखवलं. त्यांनी त्यात आपल्या आजोबांना बोलताना ऐकलं आणि कुंपण मागे घेतलं. दावा झालाच नाही.

असं चित्रीकरण मोजणीची जागा घेत नाही. भूमी अभिलेखकडून रीतसर मोजणी करून घ्यायचीच. पण मोजणीला आलेल्या माणसाला जाग्यावर खुणा कोण दाखवणार? तुमच्या मुलाला आज मळ्याच्या चारही मेरा सांगता येतील का? तुमच्या मुलीला? विकायचं ठरलं तरी ही माहिती हवी, ठेवायचं ठरलं तरी हवी. म्हणून मी मघाशी म्हटलं की निर्णय थांबू शकतो. हे काम थांबू शकत नाही, कारण ते तुमच्या पायांवर आणि तुमच्या आठवणीवर अवलंबून आहे. मे महिन्यात दोघा मुलांना एकदम बोलवा, शेजाऱ्यांना बरोबर घ्या, सकाळी ऊन चढायच्या आत निघा. पावसात रान वाढलं की काहीच दिसत नाही.

आता तिसरा प्रश्न, तुमच्यामागे मालक कोण.

जिवंतपणी बक्षीसपत्र करून मुलांना देऊन टाकावं असं पुष्कळांना वाटतं. खर्च फारसा येत नाही, आणि ‘माझ्या डोळ्यांदेखत झालं’ हे समाधान मिळतं. मी याच्या विरोधात आहे. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की नुसतं मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. मुलं वाईट असतात असं मी म्हणत नाही. मुलाचं कर्ज, मुलाचा घटस्फोट, मुलाचं अकाली जाणं, यातलं काहीही झालं तरी जमीन त्या भोवऱ्यात सापडते, आणि तुम्ही तुमच्याच आगरात पाहुणे होता. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताकडच्या न्यायाधिकरणात दाद मागून ते हस्तांतर रद्द करता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द करून हे कलम ज्येष्ठांच्या बाजूनं वाचलं. पण ती अट होती हे दाखवावं लागतं. कुणी बक्षीसपत्र करायचंच म्हटलं तर सांभाळाची अट आणि तहहयात राहण्याचा, उत्पन्न घेण्याचा हक्क मी दस्तातच लिहिते. तरीही, सत्तरीत पोटच्या पोराविरुद्ध अर्ज घेऊन प्रांत कचेरीच्या बाकावर बसायची वेळ का आणायची?

त्यापेक्षा मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, हवं तेव्हा बदलता येतं, आणि तुम्ही आहात तोवर मालक तुम्हीच. दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि ज्यांना मृत्युपत्रात काही मिळत नाही असे घ्या. मी नोंदणी करून घ्यायला सांगते, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडायला सांगते, म्हणजे पुढे कुणी ‘तेव्हा त्यांना कळत नव्हतं’ म्हणायला नको. एक लक्षात ठेवा: वडिलोपार्जित मिळकतीत तुमचा जेवढा हिस्सा, तेवढ्याचंच मृत्युपत्र तुम्ही करू शकता.

आणि त्यात वहिनींना आधी ठेवा. तुमच्या प्रश्नात मुलं, बहिणी, चुलते, घेणारा, सगळे आहेत. वहिनींच्या नावावर काय, हे कुठेच नाही. त्या तुमच्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणजे काही वर्षं एकट्या राहण्याची शक्यता त्यांचीच जास्त. घर आणि आगर त्यांना पूर्ण मालकीनं द्या. ‘हयातीपर्यंत राहण्याचा हक्क’ एवढंच लिहू नका, कारण मग छप्पर शाकारायला पैसे उभे करायचे झाले तरी त्यांना मुलांच्या सहीची वाट बघावी लागेल. बाकीचं त्यांच्यानंतर किंवा थेट मुलगा-मुलगी दोघांना, जसं तुम्हाला वाटेल तसं. खरं तर मृत्युपत्रापर्यंतही थांबू नका. वाटप झालं की तुमच्या हिश्श्याला सहधारक म्हणून वहिनींचं नाव लावा. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेपासून नवऱ्याच्या अर्जावर हे करता येतं. माझ्याकडे येणाऱ्या विधवांमध्ये सगळ्यात हतबल त्या असतात ज्यांनी आयुष्यभर लावणी केली आणि ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

शेवटी विक्री आणि तो कातळाचा घेणारा.

विकूच नका असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रिया निघाली, पेन्शन नाही, आणि मुलांवर भार टाकायचा नाही, तर जमीन विकून म्हातारपण सुखात काढणं हा तुमचा हक्क आहे. ती तुमचीच कमाई आहे. मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता भरायला मात्र विकू नका. आणि विकाल तेव्हा वेगळा काढता येणारा एकच तुकडा विका. सगळी शेतजमीन विकली तर घराण्याचं शेतकरीपण जातं. आपल्या राज्यात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. तुमच्या नातवाला पन्नाशीत गावची ओढ लागली तर त्याच्याकडे निदान दाखवायला एक सातबारा हवा. त्यासाठी थोडी जमीन घरात राहू दे.

कातळाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, म्हणून त्याचा सौदा हलक्यानं होतो. घेणारा तिथे काय करणार ते विचारा. सड्यावर मुरलेलं पाणीच खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना येतं, आणि वर चिरेखाण निघाली तर त्याचा त्रास आधी तुमच्या आगराला. शिवाय राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. काही मातीखाली झाकलेलीही असतात. तुमच्या तुकड्यावर एकदा सगळीकडे फिरून बघा.

सामायिक कातळातली खरी भीती दुसरीच आहे. एखादा चुलतभाऊ आपला अविभक्त हिस्सा विकतो, घेणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढतं, आणि मग तो सहहिस्सेदार म्हणून बाकीच्यांना दमवून स्वस्तात घेत जातो. वाटपाची घाई करा म्हणते ती याचसाठी. चुलत्यांशी बोलताना हेही सांगा की विकायचं झालं तर आधी घरात विचारूया. तुम्ही भाऊ-बहिणींनी तर विचारायलाच हवं. एकाच बापाच्या वर्ग १ च्या (मुलं, बायको, आई अशा जवळच्या) वारसांना एकमेकांचा हिस्सा आधी घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नं आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं.

तो माणूस पुन्हा येईल, साधारण दिवाळीनंतर येतात. त्याला चहा द्या आणि वाटप झाल्यावर बोलू म्हणा. विसार म्हणून काही घेऊ नका. ‘तुम्हाला या वयात खेपा नकोत’ म्हणून तो कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, पुढे करेल, त्यावर सही करू नका. आधार कार्डाची झेरॉक्सही देऊ नका. सातबारे, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा), जुने फेरफार आणि वडिलांचे जे काही कागद पेटीत असतील ते एकत्र करून ठेवा, आणि इतर हक्कात काय लिहिलंय ते मला कळवा. कलम ४३ चा शेरा निघाला तर वरचं काही बदलेल, ते मी तेव्हा लिहीन.